आउटफिल्डच्या तीन जागा

बेसबॉलचा सीझन सुरू होण्याआधी प्रत्येक टीमचा कॅम्प लागतो. आउटफिल्डला जागा तीनच, लेफ्ट, सेंटर, राइट, दावेदार सहा-सात. पेपरवाले त्याला चुरस म्हणतात. माझं मत विचाराल तर निम्म्या वेळा चुरस नसतेच, नावं आधीच लिहिलेली असतात.

एंजल्सचा 2012 चा कॅम्प घ्या. लेफ्टला व्हर्नन वेल्स, करार 7 वर्षांचा, 12.6 कोटी डॉलरचा. तो करार बसवणार कोण? राइटला टोरी हंटर, सेंटरला चपळ पीटर बोर्जोस. शिवाय 38 वर्षांचा बॉबी अब्रेऊ. 20 वर्षांचा माइक ट्राउट आजारी पडला, कॅम्पमध्ये फारसा खेळलाच नाही, म्हणून त्याला सॉल्ट लेकला, खालच्या लीगमध्ये पाठवलं. इथपर्यंत ठीक. पण तिथं तो दर 10 पाळ्यांत 4 हिट मारत होता आणि इकडे टीम 20 पैकी 14 सामने हरली, तेव्हा कुठे अब्रेऊला सोडून 28 एप्रिलला त्याला मैदानात उतरवलं. पुढं त्यानं 30 होमरन मारले, 49 बेस चोरले, रूकी ऑफ द इयर झाला. एंजल्स 89 विजयांवर अडकले. 93 वाले प्लेऑफला गेले. चारही विजय त्यानं एकट्यानं आणले असते असं नाही म्हणत. पण एखाद-दोन?

सिनिऑरिटी फौजीला शिकवायला नको. तरी पॅट्रोलला स्काउट निवडताना आम्ही सर्व्हिस मोजत नाही, नजर आणि पाय बघतो. सेंटर फिल्डरचंही कामच तसलं.