ज्याने त्याने आपले पाहावे?

परभणीहून हिंगोलीकडे जाताना औंढा नागनाथच्या अलीकडे जवळा बाजार हे गाव लागते. गावाच्या नावातच बाजार आहे. पंचक्रोशीतील शेतकऱ्याने हळद, सोयाबीन, कापूस घेऊन यावे, आडत्याने बोली लावावी, मापाड्याने काटा धरावा, हमालाने पोते उचलावे आणि परतताना शेतकऱ्याने तेलामिठापासून मुलांच्या वह्यांपर्यंत सारे विकत न्यावे, हा अशा गावांचा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता आहे. आडत्या, मापाडी, हमाल आणि गिऱ्हाईक हे सारे एका जातीचे वा एका धर्माचे नसतात. तसे ते असते तर बाजार भरलाच नसता.

ही साधी गोष्ट पुन्हा सांगण्याची वेळ आली आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर बीड जिल्ह्यातून एक वार्ता आली. एका गावातील मंडळींनी एकत्र जमून शपथ घेतली की, अमक्या समाजाच्या दुकानाची पायरी चढायची नाही. तत्पूर्वी १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला होता. ऑक्टोबरअखेर बीडमध्ये लोकप्रतिनिधींची घरे पेटली होती. आणि जून २०२४ मध्ये अंतरवालीजवळच्याच वडीगोद्रीत इतर मागासवर्गीयांच्या बाजूने दुसरे उपोषण सुरू झाले होते. आरक्षणाचा कोणता दावा न्याय्य, हा येथे आमचा विषय नाही. तो विधिमंडळाने व न्यायालयाने ठरवावा. आमचा विषय आहे तो त्या शपथेमागची भीती आणि त्या भीतीवर शोधलेला उपाय. शपथ घेणारे काही सारेच दुष्ट नव्हेत. आपले रक्षण आपणच केले पाहिजे, असे त्यांना वाटते. ‘ज्याने त्याने आपले पाहावे’ हे आज मराठवाड्यातच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रात शहाणपणाचे वचन होऊन बसले आहे.

आम्हांस हे वचन मान्य नाही. ते अनुदार आहे, एवढ्याच कारणासाठी नव्हे. त्यापेक्षा मोठे कारण असे की, ते खोटे आहे. त्याने आजवर कोणाचेही रक्षण झालेले नाही.

मराठवाड्याचाच इतिहास पाहा. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षात रझाकारांच्या जाचाने सरहद्दीवरील गावे ओस पडली. पैनगंगा ओलांडून लोक वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी आश्रयास गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान मुक्त झाले आणि मग सूडाचे चक्र उलटे फिरले. काल ज्यांच्या नावाने रझाकार बंदुका मिरवीत होते, त्या सामान्य मुसलमान शेतकरी-कारागिरांवर हल्ले झाले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात हिंडून अहवाल दिला. संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वांत अधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी बंदूक धरली ती आपल्या समाजाच्या रक्षणाच्या नावाने. त्या बंदुकीची किंमत अखेर त्याच समाजातील निःशस्त्र माणसांनी चुकती केली.

परंतु त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि आमच्या मते तीच आज अधिक मोलाची आहे. काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचविले. एका धंद्यातील माणसांत ही बांधिलकी विशेष दिसून आली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने हिंदू हल्लेखोरांसमोर उभे राहिले आणि त्यात काहींनी प्राणही गमावले. बंदुका, ठाणी, सरहद्दी यांपैकी काहीच कामी येत नव्हते, तेव्हा कामी आली ती मागाच्या शेजारची ओळख. दुकानाची पायरी चढायची नाही, ही शपथ नेमकी हीच ओळख तोडीत असते.

दुसरा प्रसंग १९७८ चा. २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील शेकडो गावांत दलितांच्या, मुख्यतः बौद्धांच्या, वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांना त्याची मोठी झळ पोहोचली. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. घरे जळाली, माणसे रानोमाळ झाली, कित्येकांनी गाव सोडले ते कायमचे. आता जे लोक सांगतात की, समाजासमाजांनी वेगवेगळे राहिले म्हणजे तंटा उरत नाही, त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. १९७८ मध्ये दलितांची वस्ती गावापासून वेगळी नव्हती काय? शतकानुशतके ती वेगळीच होती. ती वेगळी होती म्हणूनच पेटविणाऱ्यांना घरे शोधावी लागली नाहीत. अलगपणा हे कवच नसून हल्लेखोराला दाखविलेली खूण आहे.

याच होळीत ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. ते मातंग समाजाचे होते. ‘हा बौद्धांचा झगडा आहे, आपले काय जाते?’ असे त्यांना म्हणता आले असते. तसे म्हणून त्यांचे प्राण वाचलेही असते. त्यांनी तसे म्हटले नाही. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तो अशा माणसांच्या बळावर. त्यांचे स्मरण करताना आपण हे लक्षात ठेवीत नाही की, त्यांनी रक्षणाची व्याख्याच बदलली होती. आपले म्हणून जपायचे ते किती माणसांपर्यंत, हा प्रश्न त्यांनी आपल्या जातीच्या कुंपणापाशी थांबविला नाही.

येथे कोणी विचारील : ‘ज्याचे घर जळाले त्यालाच तुम्ही सलोख्याचा उपदेश करणार काय?’ आक्षेप रास्त आहे आणि आम्ही तो टाळीत नाही. जळालेल्या घराच्या धन्याला ‘मिटवून घ्या’ म्हणणे हा सलोखा नव्हे; तो दुसरा अन्याय होय. २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता. पण जेथे बक्षीस तंटा नसल्याबद्दल मिळते, तेथे दुबळ्याची तक्रारच गिळली जाण्याचा धोका असतो. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आधी कायदा, मग सलोखा.

कायदा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९५ चे नियम. या नियमांतील तिसरा नियम किती जणांनी वाचला आहे? अत्याचारप्रवण भागात इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. ज्या देशाचे सरकार ‘तुझे रक्षण मला जमत नसेल तर ही घे बंदूक’ असे नियमात लिहून ठेवते, त्या देशातील नागरिकाने सरकारला जाब विचारायचा, की बंदुकीसाठी अर्ज करायचा? अर्ज करणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. परंतु त्याच नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती आहे आणि तिची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा झाली पाहिजे, असे बंधन आहे. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची केव्हा भरली, हे आपणांपैकी कोणी कधी विचारले आहे काय? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. बंदुकीपेक्षा तो अर्ज स्वस्त आहे आणि त्याचा नेमही अधिक अचूक बसतो.

आता आमच्याकडे, म्हणजे ख्रिस्ती समाजाकडे, वळू. दुसऱ्यांच्या भिंतींविषयी लिहिणे सोपे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव परिसरात ख्रिस्तमंडळ रुजले, ते मुख्यतः महार समाजातील माणसांत. स्वतंत्र भारतात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला या आदेशाने बाहेरच ठेवले. परिणाम असा की, गावात त्याला जात म्हणूनच मारले जाते. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने तो त्या जातीचा नसतो. मग तो स्वतःचे रक्षण कसे करतो? दोन नावांनी. शाळेच्या दाखल्यावर एक, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दुसरे. अशा माणसाला ढोंगी म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, त्याला एकाच नावाने निर्भय जगता यावे म्हणून तुम्ही काय केलेत?

आणि आम्ही, जे अधिक सुरक्षित ठिकाणी राहतो, आमची भिंत कोणती? ती मौनाची आहे. ‘आपण शांतताप्रिय लोक, आपण यात पडू नये’ हे आमचे ‘ज्याने त्याने आपले पाहावे’. शाळेचे आवार स्वच्छ, फाटक मजबूत, मुले शिस्तीची. बाहेर दोन समाज एकमेकांचे दुकान बंद पाडीत असतील तर तो बाहेरचा प्रश्न! बंधूविषयी विचारताच ‘मी काय त्याचा राखणदार आहे?’ असे काइनाने म्हटले होते. आमचे मौन त्याच्याहून फारसे वेगळे नाही. ते अधिक सभ्य आहे, इतकेच. ज्यांनी दुसऱ्याच्या संकटात तोंड उघडले नाही, त्यांच्या संकटात कोण उघडणार? मूठभर असणाऱ्यांनी तर हा हिशेब सर्वांआधी करावयास हवा.

मग करायचे काय? उत्तर महाराष्ट्रातच सापडते. १९७० व १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसे आणि एक पोलीस अधिकारी नियमाने एकत्र बसू लागले, दंगल नसताना बसू लागले. मुंबईत डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसे मेली आणि नंतर हजारो मुसलमान कुटुंबे मुंब्र्यासारख्या आपल्याच माणसांच्या वस्त्यांत जाऊन राहिली. जवळची भिवंडी मात्र पेटली नाही. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आणि पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने तशा समित्या झाल्या. त्यांत चमत्कार काही नाही. भीती अफवेवर पोसली जाते, आणि ज्याच्याबरोबर गेल्या आठवड्यात नळाच्या पाण्यावरून वाद घालून चहा प्यायलो, त्याच्याविषयीची अफवा सहजी खरी वाटत नाही.

मराठवाड्यातील आमच्या शाळा, दवाखाने आणि धर्मग्रामांनी आपल्या आवारात अशा बैठकांना जागा द्यावी. तेथे दलित, मराठा, धनगर, वंजारी, मुसलमान असे सर्व बसावेत आणि पहिला विषय असावा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याची तक्रार नोंदविली गेली की नाही. हे काम अप्रिय होईल. दोन्ही बाजू आपल्यावर संशय घेतील. घेऊ द्यात. फाटक बंद ठेवूनही संशय काही टळलेला नाही.

जवळा बाजारात कोणी तशी शपथ घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ती तेथे वा कोठेही घेतली जाऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत. शपथ पाळली गेली, तर अमक्याचे दुकान बसेल, तमक्याची हळद पडून राहील आणि शेवटी गावाच्या नावातला बाजार तेवढा पाटीवर उरेल. आणि त्यानंतर एखाद्या रात्री वस्तीवर दिवट्या आल्याच, तर दार ठोठावण्यासाठी कोणाचेही घर ओळखीचे राहिलेले नसेल.