ऑटोमॅटिक कॅमेऱ्याला काय दिसते?

घरातल्या पेटीत रोलचा जुना कॅमेरा सापडला, तो अजून चालेल का, असे आजकाल आमचे विद्यार्थी विचारतात. कोणाच्या आजोबांनी तो आखातातून आणलेला असतो, कोणाच्या मामूंना निकाहात भेट मिळालेला असतो. ‘ऑटोमॅटिक आहे, बटण दाबले की झाले,’ एवढीच माहिती सोबत येते. पण रोल आणि त्याची धुलाई आता महाग आहे, आणि एका रोलमध्ये फोटो निघणार ३६. म्हणून हे ‘आपोआप’ म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

उदाहरणाला जपानच्या ऑलिम्पस कंपनीचा ‘ट्रिप ३५’ घेऊ. १९८४ पर्यंत बनत असलेल्या या कॅमेऱ्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवती बुडबुड्यांसारखी दिसणारी काच असते. तिच्याखाली सेलेनियमचा सेल असतो. उजेड पडला की त्यात किंचित वीज तयार होते आणि आतला काटा हलतो. बटण दाबताच तो काटा जागच्या जागी पकडला जातो आणि त्याच्या जागेवरून छिद्र किती उघडायचे ते ठरते. शटरचे वेग दोनच : भरपूर उजेडात सेकंदाचा २००वा भाग, कमी उजेडात ४०वा. उजेड फारच कमी असेल तर बटण अडते आणि खिडकीत लाल खूण वर येते. अशा वेळी कॅमेरा बिघडला असे समजू नका.

सेल जिवंत आहे का, हे घरीच पाहता येते. रोल सरकवण्याची चकती फिरवा, कडी ‘ए’ वर ठेवा, भिंगाभोवतीची काच हाताने झाकून बटण दाबा. लाल खूण यायला हवी. उजेडात तीच क्रिया केली तर बटण अडू नये. यावरून सेल चालतो एवढेच कळते; तो अचूक मोजतो का, हे पहिला रोल सांगेल.

आता खरी अडचण. हा सेल समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. वर्गाची सरासरी ५० आली म्हणून प्रत्येक मुलाला ५० गुण मिळालेले नसतात, हे आम्ही शिक्षक जाणतो. कॅमेऱ्याला मात्र तेवढेच कळते. समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे, असे धरून तो चालतो.

ईदगाहच्या बाहेर पांढऱ्या कुर्त्यांतली वीस माणसे उभी केली, तर त्याला वाटते उजेड जास्त आहे. तो छिद्र लहान करतो. कुर्ते मळकट आणि चेहरे काळवंडलेले येतात. दादी उजळ दारात बसली असेल, तर मागचे अंगण छान येते आणि दादीची नुसती सावली उरते. काळ्या बुरख्यांनी चौकट भरली, तर उलट होते : काळा रंग राखाडी दिसतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात.

उपाय सोपे आहेत. भिंगाच्या कडेला फिल्मचा वेग लावायची कडी असते. रोल २०० चा असेल आणि समोर पांढरे कपडे किंवा मागे उजेड असेल, तर कडी १०० वर आणा. फिल्मला दुप्पट प्रकाश मिळेल. काळ्या कपड्यांसाठी ४०० वर न्या. फोटो झाला की कडी लगेच पुन्हा २०० वर. दुसरा उपाय : जवळ जाऊन कॅमेरा असा धरा की मागचे उजळ दार चौकटीत येणार नाही. बटण अर्धे दाबून धरा, मागे या, मग पूर्ण दाबा. आणि शंका असेल तर प्रकाश थोडा जास्तच द्या. निगेटिव्ह रोल जास्त प्रकाश बराच सोसतो, कमी प्रकाश फारसा सोसत नाही.

सर्वांत चांगला उपाय मात्र कडीलाही हात न लावता होतो. दादीची खुर्ची वळवा, तिच्या तोंडावर दाराचा उजेड येऊ द्या. चौकटीत कोणाचा चेहरा महत्त्वाचा, हे सेलेनियमला कळत नाही. बटणावर बोट ठेवणाऱ्याने ते आधी ठरवायचे असते.