वेळापत्रकाचं पाप पोरांच्या माथी

‘पोरांना नियोजन जमत नाही, म्हणून शेवटी टेन्शन येतं.’ सत्र संपत आलं की हे वाक्य मोडनिंबच्या चहाच्या टपरीपासून प्राचार्यांच्या केबिनपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. जोडीला आणखी दोन ठरलेली असतात: ‘आमच्या वेळी अख्ख्या वर्षाचा अभ्यास एकदम असायचा, आम्ही नाही रडलो’ आणि ‘थोडा ताण हवाच, त्याशिवाय माणूस हलत नाही’. तिन्ही म्हणणी एकदा तपासून घेऊ.

नियोजनाच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. रील बघण्यात जुलै-ऑगस्ट घालवणारी पोरं आहेत आणि त्यांची वकिली मला करायची नाही. पण पहिल्या दिवसापासून अभ्यास केलेल्याचीही अखेरीला काय गत होते? नव्या शैक्षणिक धोरणात सत्राला २० ते २२ श्रेयांक. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला विषय, भाषेचा, कौशल्याचा. प्रत्येकाची असाइनमेंट वेगळी, इंटर्नल वेगळी. एकेका प्राध्यापकाची मुदत रास्तच असते. पण सगळ्यांच्या मुदती एकाच आठवड्यात येऊन पडतात, कारण अंतर्गत गुण भरायची तारीख तोंडावर आल्याशिवाय कुणाला जाग येत नाही. इथं नियोजन नेमकं कुणाचं चुकलं?

जर्नलचंच बघा. प्रयोग ऑगस्टात झालेला, निरीक्षणं कच्च्या वहीत. पक्कं जर्नल तपासायला घेतात ते प्रॅक्टिकल परीक्षेच्या दोन-तीन दिवस आधी. मग एसटीच्या मागच्या सीटवर, मांडीवर सॅक ठेवून, मैत्रिणीच्या जर्नलवरून आकृत्या उतरवणं सुरू होतं. खड्डा आला की रेषा हलते. निरीक्षणांच्या तक्त्यात अख्ख्या वर्गाचे आकडे दशांशापर्यंत सारखे. सर एका बैठकीत सगळ्या पानांवर सह्या करतात आणि प्रत्येक सहीखाली मागची वेगवेगळी तारीख टाकतात. अशा सह्या करणाऱ्यांनी पोरांना वेळेचं महत्त्व सांगावं, याला काय म्हणायचं!

त्यात हिवाळी सत्राची अखेर येते दिवाळीच्या आगेमागे. घरी ज्वारीची पेर उरकायची असते, उसाला तोड आलेली असते, कार्तिकीमुळे पंढरपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मोडनिंबहून सोलापूरला रोज जाऊन-येऊन करणारा जातानाच साठेक किलोमीटर मोजतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला तेव्हा माढा तालुक्यात कित्येकांची शेतं आणि घरं पाण्यात गेली. त्या घरातल्या मुलाला ‘टाइम टेबल कर’ हा सल्ला देऊन बघा.

‘आमच्या वेळी’वाल्यांना थोडक्यात सांगता येईल. तेव्हा परीक्षेचा हंगाम एकदाच, मार्च-एप्रिलात. दिवाळीची सुट्टी ही सुट्टीच असायची. आता तो हंगाम वर्षातून दोनदा, आणि मागचा विषय राहिला असेल तर तोही बोकांडी. शिवाय तेव्हा जे रडले आणि शिक्षण सोडून गेले, त्यांना ही आठवण सांगायला कुणी बोलावत नाही.

‘थोडा ताण हवाच’ हे म्हणणं मात्र जास्त घातक, कारण त्याला शास्त्राचा मुलामा आहे. यासाठी ज्या यर्क्स आणि डॉडसन यांचा हवाला देतात, त्यांचा १९०८ चा प्रयोग उंदरांवर होता. चुकला की विजेचा झटका. काम सोपं होतं तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. काम अवघड केल्यावर तेवढ्याच जोरदार झटक्याने त्यांचं शिकणं बिघडलं. म्हणजे हा दाखला ताणवाल्यांच्याच अंगावर येतो. आणि माणसांचं बोलायचं तर २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला. कारणं अनेक असतील, पण हा आकडा समोर असताना ‘ताण हवाच’ म्हणायला जीभ रेटू नये.

मग करायचं काय? सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या विषयांच्या मुदतींचा एकच तक्ता नोटीस बोर्डावर लागावा आणि एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त मुदती नसाव्यात. जर्नल दर पंधरवड्याला तपासावं. लेखी परीक्षेआधीचा आठवडा पूर्ण मोकळा ठेवावा. याला पैसा लागत नाही, स्टाफरूममधली एक बैठक लागते.

पोरांनीही एक करावं: तेच पान पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा वही मिटून स्वतःला प्रश्न विचारावेत. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून बघणारे पुढे गेले. झोप मोडून केलेलं पाठांतर इतकं गोड का वाटतं, ते यातून कळतं.

समुपदेशकाचं म्हणाल तर ती आता कुणाची मेहेरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे असं बजावलं आहे. रात्री-अपरात्री फारच जड झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

शेवटचं मागणं विद्यापीठाकडे. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं ते एकाच जिल्ह्यासाठी. एवढ्या आटोपशीर विद्यापीठाला आपल्या जिल्ह्याची पेरणी, ऊसतोड आणि कार्तिकी बघून परीक्षेच्या तारखा ठरवणं अवघड नाही. पालकांनो, पुढच्या सत्राच्या प्रवेशाला जाल तेव्हा फीची पावती घ्याल, तसा मुदतींचा तक्ताही मागून घ्या.