जिगरचं दुखणं आणि लोकांची जीभ

लिव्हर बिघडलं म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय दारूचा येतो. मुस्लीम घरातल्या बाईला हा आजार झाला, तर कुजबुज आणखी वाढते. त्या भीतीने कित्येक घरं आजारच लपवतात.

माझ्या खालाजाद बहिणीला पीबीसी म्हणजे प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर हल्ला करते. पित्त तुंबतं आणि हळूहळू यकृताला इजा होते. दारूशी याचा संबंध नाही. तो संसर्गाने पसरत नाही. दहातल्या जवळपास नऊ रुग्ण बायका असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. आजाराच्या जुन्या नावात ‘सिरोसिस’ हा शब्द होता. अनेक रुग्णांना सिरोसिस झालेलाच नसतो, वर त्या शब्दाला दारूचा कलंक चिकटलेला. रुग्णांच्याच आग्रहातून २०१५ साली नाव बदललं गेलं.

भाषाही इथे घोटाळा करते. मराठीत ‘पित्त झालंय’ म्हणजे ॲसिडिटी. त्यामुळे बहिणीला थंड दूध आणि कोकम सरबताचे सल्ले मिळाले. उर्दूत जिगर म्हणजे हिंमत. ‘जिगर मजबूत ठेव’ असं तिला सांगणारे भेटतात, पण रात्री तळहात-तळपायांची खाज झोपू देत नाही, सकाळी उठतानाच अंग गळून गेलेलं असतं, हे कुणी विचारत नाही. चेहऱ्यावर काही दिसत नाही, म्हणून ती सासरी कामचुकार ठरते.

उपाय आहे. अर्सोडीऑक्सीकोलिक ॲसिडच्या गोळ्या रोज, बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. आजार लवकर सापडला आणि गोळी लागू पडली, तर अनेकजणी वर्षानुवर्षं नीट जगतात. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज सतत वाढलेलं असेल, तर एएमए ही तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. कावीळ उतरवणारे आणि जडीबुटीवाले मात्र दूर ठेवावेत. कोरोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. दुआ जरूर करावी, पण गोळी सोडून नव्हे.

आता रोजाबद्दल. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजाऱ्याला सवलत दिली आहे: रोजे नंतर पुरे करावेत, आणि ज्याला ते झेपतच नाहीत त्याने फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावं. आजार सुरुवातीचा असेल तर डॉक्टर गोळीची वेळ बदलून परवानगी देतीलही. सिरोसिस असेल तर उपाशी राहणं धोक्याचं ठरू शकतं. हा निर्णय रुग्ण आणि डॉक्टरांचा आहे, जावा-नणंदांचा नाही. अल्लाहने दिलेली सवलत काढून घेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आजाऱ्याला सब्र शिकवणं सोपं असतं. रोज खाज आणि थकवा सोसून घर चालवणारी बाई सब्रच करत असते. थोडा सब्र आपणही शिकावा, निदान जिभेचा. रमजानच्या आधीच्या जुम्याला इमामसाहेबांनी आजाऱ्यांच्या सवलतीवर पाच मिनिटं बोलावं. आणि दुपारी कुणी पाणी पिताना दिसली, तर कारण विचारू नये.