पहिल्या पेल्यानंतर दोन तास थांबा

महाशिवरात्र आली की बडोद्यात संध्याकाळी पावलं सूरसागराकडे वळतात. महादेवाची आरती होते. घरी येईपर्यंत कुणीतरी भांग घोटून ठेवलेली असते. पुढे धुळवडीला पुन्हा तेच. ही रीत जुनी आहे आणि ती मोडा असं सांगायला मी बसलेली नाही. पण तुमच्या घरात लहान मुलं असतील, कॉलेजात जाणारी मुलं असतील, हृदयाच्या गोळ्या घेणारे आजोबा असतील. त्यांच्यासाठी काही गोष्टी माहीत असू द्या.

भांग डोक्यात चढते, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. तिच्यातल्या नशेच्या द्रव्याला टेकायला मेंदूत जागा असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. तुम्ही भिंतीवरच्या खुंट्या समजा.

या खुंट्या कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ, याचा नकाशा अमेरिकेत माइल्स हर्कनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडला. त्यांनी उंदराचा, कुत्र्याचा, लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडाचा आणि माणसाचाही मेंदू तपासला. मांडणी बरीचशी सारखी निघाली. आठवण साठवणाऱ्या भागात खुंट्या दाट. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत दाट. हातापायांच्या हालचाली ठरवणाऱ्या भागात तर सगळ्यांत दाट.

म्हणून भांग घेतलेला माणूस तीच गोष्ट चार वेळा सांगतो. पाच मिनिटं त्याला तासासारखी वाटतात. चालताना झोक जातो. आणि म्हणूनच स्कूटरची किल्ली त्याच्या हातात देऊ नका. ‘मी अगदी ठीक आहे’ असं तो म्हणेल. ब्रेक लावायला होणारा उशीर त्याला स्वतःला कळत नाही. मांडवीच्या गर्दीत तेवढा उशीर पुरतो. रात्री त्याला तिथेच झोपू द्या.

या खुंट्या भांगेसाठी केलेल्या नाहीत. आपलं शरीरच त्यांच्यासाठी एक द्रव्य बनवतं. जेरुसलेमला राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ते १९९२ मध्ये सापडलं. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून. मला ही गोष्ट फार आवडते. हे द्रव्य गरजेपुरतं, हवं त्या जागी तयार होतं आणि काम झालं की लगेच मोडून टाकलं जातं. भांगेचं तसं नाही. सगळ्या खुंट्यांवर एकदम ओले कपडे टांगावेत तसं होतं, आणि ते तासन्‌तास उतरत नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गांजाचा धूर काही मिनिटांत मेंदूत पोचतो. प्यायलेली भांग आधी पोटात जाते, मग यकृतात. तिथे तिचं आणखी जोरकस रूप तयार होतं. चढायला अर्धा तास लागतो, कधी दोन तास. माझ्या भाच्याने पहिला पेला घेतला. पाऊण तासाने म्हणाला, काहीच होत नाही. दुसरा घेतला. मग दोन्ही एकदम चढले. छाती धडधडायला लागली, आपण मरतोय असं त्याला वाटायला लागलं. त्याची आई रात्रभर उशाशी बसून होती. त्यामुळे आग्रह करकरून दुसरा पेला कुणाला देऊ नका.

‘भांगेने कुणी मरत नाही’ असं लोक म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. श्वास चालवणारा मेंदूचा भाग अगदी खाली, मानेच्या वर असतो. तिथे या खुंट्या फार थोड्या आहेत. पण त्या भरवशावर राहू नका. भांगेने नाडी वाढते आणि उठून उभं राहताना चक्कर येते. हृदयाचा त्रास असलेल्याने ती घेऊच नये. लहान मुलाला तर थोडीही फार होते. मूल सुस्त पडतं, बेशुद्ध होऊ शकतं, श्वास मंदावू शकतो.

भांगेची ठंडाई आणि साधी ठंडाई दिसायला सारखीच. वेगळ्या भांड्यात करा. वर चिठ्ठी चिकटवा. उंच फळीवर ठेवा. उरलेली रात्रीच ओतून द्या, सकाळी मुलं फ्रिज उघडतात.

चुकून मुलाच्या पोटात गेलीच, तर वाट पाहू नका. १०८ला फोन करा किंवा थेट सयाजी हॉस्पिटल गाठा. डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपायी लपवलं तर ते तासभर दुसराच आजार शोधत बसतील.

मोठ्या माणसाला त्रास झाला तर अंधाऱ्या, शांत खोलीत कुशीवर झोपवा. एकटं सोडू नका. रागावू नका, घाबरलेला माणूस त्याने आणखी घाबरतो. गुंगीत असेल तर लिंबू, ताक, चिंचेचं पाणी काही पाजू नका. घशातून श्वासनळीत जाईल. हाक मारून जागा होत नसेल, छातीत दुखत असेल, झटका आला, तर दवाखाना.

गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नये. ते द्रव्य दुधात उतरतं. घरात कुणाला भास होण्याचा, भ्रमाचा आजार असेल, तर त्या घरातल्या तरुणांनी चार हात लांब राहावं.

तरुणांबद्दल जरा थांबून सांगते. विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या घडणीत याच खुंट्यांचा हात असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘आज सण आहे, घे रे’ म्हणून पेला पुढे करणारे काका-मामा प्रेमानेच करतात. तरी तो हात मागे घ्या. आणि तुमचा मुलगा सणावाराशिवायही काही ओढतोय असं वाटलं, अभ्यासातलं लक्ष उडालंय, तर आधी शेजारी बसून विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे. पैसे पडत नाहीत. आईवडीलही तिथे बोलू शकतात.