शून्य लोकवस्तीचे गाव

माणसे गेली, घरे पडली, तर गाव संपते का? फ्रान्सच्या ईशान्येकडील व्हर्दून शहराजवळच्या फ्लरी या खेड्याची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी फ्लरीची वस्ती सुमारे ४००. शेती आणि लाकूडतोड यांवर जगणारे साधे गाव. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हर्दूनची लढाई सुरू झाली आणि गावकऱ्यांना हाताला लागेल ते घेऊन निघावे लागले. त्या उन्हाळ्यात हे गाव जर्मन आणि फ्रेंच फौजांच्या ताब्यात आलटून पालटून सोळा वेळा गेले, असे सांगतात. घरे गेलीच, पण तोफगोळ्यांनी जमीनही उलटीपालटी झाली. मातीत न फुटलेले गोळे आणि सैनिकांचे देह राहिले. तेथे पुन्हा वस्ती करणे अशक्य होते. पुढे त्यावर झाडे लावण्यात आली.

खरी गोष्ट यानंतरची आहे. सरकारने फ्लरीचे नाव दप्तरातून खोडले नाही. ‘फ्रान्ससाठी मृत्यू पावलेले गाव’ असा मान त्याला दिला. आजही तेथे लोकसंख्या शून्य, पण गावाला महापौर आहे! मतदारच नसल्यामुळे त्याची नेमणूक सरकारी अधिकारी करतो. व्हर्दूनच्या परिसरात अशी सहा निर्मनुष्य गावे आहेत. फ्लरीत जुन्या चर्चच्या जागी १९३४ साली छोटे प्रार्थनामंदिर बांधले गेले. झाडीतल्या पायवाटांवर खुणेचे फलक आहेत: येथे शाळा होती, येथे पाव भाजला जाई.

हे वाचताना मला आईची आठवण झाली. माझे आजोळ धरणाच्या पाण्याखाली गेले. एस.टी. त्या जलाशयाकाठून जाऊ लागली, की आई खिडकीतून बोट दाखवून म्हणायची, “तिथं आमचं अंगण होतं.” मला दिसायचे ते फक्त पाणी. भरपाईसाठी घरे मोजली गेली, झाडे मोजली गेली. पण कोणाच्या शेजारी कोण राहत होते, हे कोणी लिहून ठेवले नाही. आई गेली आणि तो नकाशाही गेला.

आपल्या घरात अशी बोट दाखवणारी म्हातारी माणसे अजून असतील. एक वही घ्या, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, “तुमच्या दारातून बाहेर पडलं, की पहिलं घर कोणाचं होतं?”