हसू कुणाचं, हसं कुणाचं?



२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या अकराजणी मिळून ‘बाईपण भारी देवा’ बघायला गेलो. थिएटर बायकांनी भरलेलं. सासवा, सुना, शेजारणी, कुणी हौसेनं नऊवारी नेसून आलेल्या. आम्हीही पोटभर हसलो. सहा बहिणींच्या गोष्टीनं त्या वर्षी मराठीत सगळ्यांत जास्त गल्ला जमवला. ‘बायकांचा सिनेमा बघणार कोण?’ म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं.

परतताना बसमध्ये आमची एक मैत्रीण, जी चार घरची धुणीभांडी करते, म्हणाली, “ताई, मजा आली. पण आमच्यासारखी बाई पिक्चरमध्ये येते ती झाडू घेऊनच. दोन वाक्यं बोलते, लोक हसतात, की गेली आत.”

आम्ही गप्प झालो.

मग मी ‘अशी ही बनवाबनवी’ पुन्हा पाहिला. १९८८ चा हा सिनेमा आपल्यापैकी अनेकींना तोंडपाठ आहे. घरमालकिणीला भाडेकरू म्हणून जोडपीच हवीत, म्हणून सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसून बायका होतात. हसू आजही येतं. पण घरासाठी बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषांची फजिती जशी विनोदाचा विषय होते, तशी घर शोधणाऱ्या एकट्या बाईची वणवण आपल्या विनोदी सिनेमाला क्वचितच दिसते. परित्यक्ता म्हणून, आडनावावरून जात-धर्म हेरून, आपल्या किती मैत्रिणींना दारातूनच परत पाठवलं जातं! आणि साडीतल्या पुरुषाच्या चालीला हसता हसता आपण जे नकळत शिकलो, त्याची किंमत तृतीयपंथी मैत्रिणी रस्त्यावर रोज मोजतात.

चित्र बदलतं आहे, हे मान्य करायलाच हवं. २०२१ च्या ‘झिम्मा’त सातजणी इंग्लंडच्या सहलीला जातात. तिथे बायका हसतात, नुसतं त्यांना हसलं जात नाही. तो इरावती कर्णिक यांनी लिहिला आहे. लेखणी बाईच्या हाती आली की विनोदाचा रोख बदलतो. पण दार उघडल्यावर पहिल्यांदा आत शिरल्या त्या परदेशी सहल परवडणाऱ्या, मंगळागौर खेळणाऱ्या घरांतल्या बायका. ऊसतोड करणारी, कचरा वेचणारी, बुरखा घालणारी अजून बाहेरच आहे. तिची दुःखं सांगणारे सिनेमे निघतात. तिची थट्टा, तिचे टोमणे, तिचा खट्याळपणा मात्र पडद्यावर येत नाही. जणू गरीब बाईनं फक्त रडावं!

स्त्रीवादी बायकांना विनोद कळत नाही, हा आरोप जुनाच. स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ पासून ज्योती म्हापसेकरांच्या ‘मुलगी झाली हो’ या नाटकातून लोकांना हसवत हसवतच विचार करायला लावलं. तेव्हा हसण्याशी आपलं वाकडं नाही. प्रश्न आहे तो, कोण कुणाला हसतं याचा.

तो सिनेमावाल्यांना विचारण्याआधी स्वतःला विचारायला हवा. काही वर्षांपूर्वी आमच्या पथनाट्यात मी मोलकरणीचं काम केलं होतं. ‘ण’चा ‘न’ केला, पदर खोचला, खूप टाळ्या मिळाल्या. त्या माझ्या अभिनयाला नव्हत्या, एका बोलीची टिंगल केल्याबद्दल होत्या. बसमध्ये बोललेली ती मैत्रीण तेव्हा समोरच बसली होती. तीही हसली होती. का हसली असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही.

येत्या ८ मार्चच्या पथनाट्यातला विनोदी प्रवेश तिनं सांगितला आहे, मी फक्त लिहून घेतला. त्यात मालकीण मी आहे आणि हसं माझं होतं. तालमीत मला ते जड गेलं, हे कबूल करते.

तुमच्या गटात विनोद कोण करतं आणि तो कुणावर होतो? जरूर लिहून कळवा.